व्याख्यानानंतर हाऊजी

बोळिंजच्या आमच्या सोसायटीने मुलांना जुगाराचे दुष्परिणाम समजवायला मला, म्हणजे निवृत्त शिक्षिकेला, बोलावलं. नुसत्या व्याख्यानाला काळं कुत्रंही फिरकणार नाही, हे ओळखून हुशार सेक्रेटरींनी शेवटपर्यंत बसणाऱ्यांसाठी हाऊजी ठेवली. पहिलं बक्षीस मोबाईल! हॉल गच्च भरला. "बघा, मुलांना विषयाची केवढी ओढ!" सेक्रेटरी म्हणाले.

"थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी नक्की लागेल, असं वाटायला लागलं की माणूस संपला," मी घसा कोरडा करून सांगितलं. हातातली तिकिटं सांभाळत सगळ्यांनी माना डोलावल्या.

हाऊजी आटोपल्यावर दहावीतली एक मुलगी धावत आली. मला वाटलं, काही शंका असेल.

"टीचर, पुढचं लेक्चर कधी? माझा एकच नंबर राहिला होता!"