माझा क्रेडिट रिपोर्ट आणि मी, त्याची राखणदार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का! मी सांगताना मध्येच कुणी खिदळलं की माझा चहा गार होतो आणि डोकं गरम.

मी रियाधला एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर परक्या माणसांच्या बरगड्या बघते, पण माझा एक कागद कुणी बघितला तर मला खपत नाही. आता याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

झालं असं, की मी आणि सलीमने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चिपळूणला फ्लॅट पसंत केला. खिडकीतून वाशिष्ठी दिसते हो! बिल्डर म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढे नाही. मी इथूनच भारतातल्या एका बँकेत होम लोनचा अर्ज टाकला. बँकेने माझा क्रेडिट रिपोर्ट मागवला. माणसाने कधी कर्ज घेतलं, कधी फेडलं, कुठे चुकला, सगळी कुंडली त्यात असते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू! आम्ही नाश्त्याला बसलो होतो, फोन स्पीकरवर.

"मॅडम, आम्हीही होम लोन देतो. तुमचं एक क्रेडिट कार्ड मागे थकलं होतं ना? तरी आम्ही सांभाळून घेऊ."

सांभाळून घेऊ? तू कोण रे बाबा मला सांभाळणारा? आणि ते कार्ड थकलं होतं हे मी सलीमलासुद्धा सांगितलं नव्हतं!

सलीमने पाव खाली ठेवला. "मुमताज, कुठलं कार्ड?"

तो विषय आपण इथे नको काढूया. पण माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! माझा रिपोर्ट म्हणजे काय इथल्या बत्हा बाजारातल्या हॉटेलच्या दारावर लावलेला मेनू आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा? बँकेनेच फोडला असणार! त्याच दिवशी मी क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीला लिहिलं, की माझा रिपोर्ट कुणीकुणी उघडला त्यांची नावं द्या. आणि घरात जाहीर केलं, "यापुढे फोनवर कुणाला माझी जन्मतारीखसुद्धा मिळणार नाही!"

मग जो फोन येईल त्याची मी उलटतपासणी घ्यायचे. तू कोण? नंबर कुठून मिळाला? परवानगी कुणाची? लेखी पाठव! भलेभले गार झाले.

एक मात्र चिवट निघाला. मराठी, आवाज अगदी मऊ. "मॅडम, मी देशपांडे, तुमच्या बँकेतून. व्हेरिफिकेशनसाठी दोन मिनिटं..."

"ओळखपत्र पाठवा."

"पाठवलंय मॅडम, ईमेलवर."

"खोटं कशावरून नाही?"

"मग तुम्हीच बँकेत फोन करून खात्री करा ना."

"मला कामं सांगू नका!" म्हणून मी त्याला ब्लॉक केलं. त्याने दुसऱ्या नंबरवरून केला, मी तोही ब्लॉक केला. तिसऱ्या वेळी तर मी त्याला दहा मिनिटं खासगीपणावर भाषण दिलं. बिचारा शेवटी "बरं मॅडम" म्हणाला.

एवढ्यावर थांबले असते तर आज हा किस्सा नसता. पण मला वाटलं, हे लोक आता हॉस्पिटलात फोन करतील. म्हणून मी एचआरमधल्या जोसेफकडे गेले. केरळचा माणूस, सांगितलेलं काम शब्दशः करणारा.

"जोसेफभाई, मेरे बारे में कोई पूछे तो कुछ नहीं बताना. मैं यहाँ हूँ कि नहीं, वो भी नहीं!"

"ओके सिस्टर. कुछ नहीं."

चार दिवसांनी बँकेचा ईमेल. अर्जदार फोनवर उत्तरं देत नाही. अर्जात दिलेल्या हॉस्पिटलात या नावाची कुणीही व्यक्ती काम करत नाही. सबब अर्ज थांबवण्यात येत आहे.

मी पळत जोसेफकडे. "ये क्या बोला आपने?"

"सिस्टर, उसने पूछा, मुमताज है? मैंने बोला, नो सच पर्सन. आपने ही बोला था!"

महिना संपायला तीन दिवस! मी बँकेच्या मुख्य नंबरवर फोन लावला. फिरत फिरत तो कुणाकडे गेला असेल? देशपांडे!

"मॅडम, आपण कोण?" त्याने त्याच मऊ आवाजात विचारलं. "खात्री कशी पटवाल?"

मी निमूट जन्मतारीख सांगितली, इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, प्रत पाठवली, जोसेफला फोनवर उभं करून "येस, शी इज हिअर" म्हणायला लावलं. मगच फाइल हलली. पण मी वाकले म्हणून गप्प बसले असं समजू नका! शेवटी विचारलंच, "माझा रिपोर्ट फोडला कुणी?"

"तुम्ही मागितलेली यादी आली असेल ना? वाचा की."

आली होती. रागाच्या भरात मी उघडलीच नव्हती. आमच्या बँकेखेरीज चार कंपन्या, सगळ्या एकाच वेबसाइटमार्फत आलेल्या. बँकेत अर्ज करायच्या आधी, आपल्याला कर्ज किती मिळेल बघू, म्हणून मी त्या वेबसाइटवर गेले होते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'माझा रिपोर्ट आपल्या सहयोगी कंपन्यांनी पाहण्यास माझी संमती आहे.' त्यापुढे टिक. मोबाइलवर आलेला ओटीपीही मीच भरलेला!

सलीम हसून हसून सोफ्यावरून घसरला. "आता तरी सोड मुमताज!"

का सोडू? फ्लॅट मिळाला, तो आनंद वेगळा. संमती मी दिली असेल, तर परतही मीच घेणार! चारही कंपन्यांना लेखी कळवलं, माझी माहिती पुसा. तिघींनी पुसली. चौथीने तक्रारीचा फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, 'आपली माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचे नाव.'

मी त्यात ठसठशीत अक्षरांत माझं संपूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली, आणि तक्रार पाठवून दिली.