एका माणसाचा एकच कागद

बुटवाल्या आबांना माणसं तोंडावरून ओळखू येत नसत. रस्त्यात कोणी हसून हात केला की ते आधी खाली बघायचे, मग वर. डावा अंगठा बाहेर झुकलेला, म्हणजे पोस्टमन. टाचा सपाट आणि बोटं लांब, म्हणजे बँकेतल्या बाई. सख्ख्या व्याह्यांना त्यांनी एकदा चपलांच्या गर्दीत ओळखलं होतं आणि जेवणाच्या टेबलावर नाही, त्यावरून घरात बरीच बोलणी झाली होती.

मापाचे बूट शिवणारं गावात आता त्यांचंच एक दुकान उरलं होतं. दुकान लांबट, पुढे काउंटर, मागे शिवणाचं यंत्र, भिंतीवर लाकडी साचे, आणि सगळीकडे चामड्याचा आणि सोल्युशनचा वास. पण खरी दौलत होती ती कपाटात. गिऱ्हाइकाला कोऱ्या कागदावर उभं करायचं, पेन्सिलीने दोन्ही पावलांभोवती रेघ ओढायची आणि बाजूला बारीक अक्षरात नोंदी करायच्या: इथे भोवरी आहे, इथे हाड वर आलंय, हा गृहस्थ चालताना उजवीकडे भार टाकतो. असे अकराशे चाळीस लोक त्या कपाटात पडून होते. त्यातले निम्मे तरी आबांच्या वडिलांनी काढलेले.

वडिलांनी धंद्याबरोबर एक नियमही दिला होता. एका माणसाचा एकच कागद. नवं माप घेतलं की जुना कागद तिथल्या तिथे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फाडायचा. तरुणपणी आबांनी एकदाच आळस केला आणि बेकरीवाल्याचे दोन कागद राहिले. उजवा बूट जुन्या मापाने कापला गेला, डावा नव्या. बेकरीवाला ते घालून दिवसभर जो काही चालला, त्यावरून लोकांनी भलताच अर्थ काढला आणि त्याच्या बायकोने त्याला रात्री घरात घेतलं नाही. तेव्हापासून आबांनी कानाला खडा लावला होता.

आता इतकं सगळं जिवापाड जपलं तरी कागद खाणारी कसर थोडीच ऐकते. एका सकाळी आबांनी कपाट उघडलं तर हेडमास्तरांची टाच गायब. शेजारच्या कागदावर करंगळी नाही.

घरात यावर उपाय सांगणारं माणूस एकच होतं, आणि नेमकं त्याच माणसाला काही विचारायचं आबांच्या जिवावर यायचं. सूनबाई. ती घरी बसून एका कंपनीसाठी लोकांच्या कॉम्प्युटरची गाऱ्हाणी फोनवर ऐकायची. दिवसभर कानाला यंत्र लावून शांतपणे म्हणायची, बंद करून परत चालू करा. आबांच्या मते हे काही काम नव्हतं. हाताला घट्टे न पाडणाऱ्या कुठल्याच कामाला ते काम म्हणत नसत.

ती म्हणाली, सगळ्या कागदांचे फोटो काढू आणि क्लाउडवर ठेवू. आबांनी वर बघितलं. ती म्हणाली, वर बघू नका, वर काही नसतं. कुठेतरी जमिनीवरच मोठमोठे हॉल असतात, त्यांत हजारो कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतात, त्यांना थंड ठेवतात, त्यांच्यावर पहारा असतो. त्यातली थोडीशी जागा आपण भाड्याने घ्यायची. लागेल तेवढी वापरायची, तेवढंच भाडं द्यायचं, जास्त लागली तर जास्त मागायची. आपल्या घरात नळ असतो, विहीर नसते, तसंच हे. फक्त इंटरनेट नसेल तर नळाला पाणी नाही.

आबा काही लेचेपेचे नव्हते. त्यांनी विचारलं, किल्ली कोणाकडे? ती म्हणाली, पासवर्ड तुमचा, तुम्हीच ठरवा आणि मलाही सांगू नका. हे त्यांना आवडलं. मग त्यांनी विचारलं, आणि त्या हॉलला आग लागली तर? ती म्हणाली, म्हणून तर ते लोक एकाच वस्तूच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवतात. आबांनी मान हलवली. तिला वाटलं, पटलं. वास्तविक त्यांच्या डोक्यात तिथेच खडा टोचायला लागला होता. तीन प्रती?

अकरा रविवार दोघं खपली. ती फोटो काढायची, आबा कागद हातात द्यायचे आणि प्रत्येक पावलाची कुळकथा सांगायचे. शेवटच्या रविवारी काम संपलं आणि आबांनी आपल्या शिस्तीला जागून एक गोष्ट केली. नवा कागद झाला, म्हणजे जुना फाडायचा. सूनबाई हो नाही म्हणेपर्यंत त्यांनी अर्धं कपाट फाडलं होतं. ती कळवळून म्हणाली, आबा, राहू द्या की. आबा म्हणाले, बेकरीवाल्याला विचार जा, आणि उरलेलं अर्धंही फाडलं. कागदाच्या पट्ट्या वाया गेल्या नाहीत, नव्या बुटांचा आकार टिकावा म्हणून चवड्यांत कोंबायला त्या उपयोगी पडल्या. कोणाची टाच कोणाच्या अंगठ्यात गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दोन महिने सुखाचे गेले. मग एका दुपारी चहा घेता घेता आबांनी सूनबाईने दुकानात आणून ठेवलेला टॅब्लेट उघडला आणि त्यात पोस्टमनची पावलं दिसली. खिशातल्या फोनमध्येही पोस्टमन. घरच्या कॉम्प्युटरवर तर तो होताच, सकाळीच त्यांनी पाहिला होता. एका पोस्टमनचे तीन कागद! अच्छा, म्हणजे सूनबाई म्हणाली त्या तीन प्रती या. उद्या फोनवर एखादं माप बदललं आणि टॅब्लेटवर राहून गेलं, तर गावभर बेकरीवाले तयार होतील.

तेव्हा दोन प्रती काढून टाकायच्या आणि घरची एक ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. चामडं कापायची रापी धरून धरून अंगठा इतका टणक झालेला की फोन त्याला दाद देत नसे, म्हणून सगळं करंगळीने. अकराशे चाळीस निवडले. फोनने विचारलं, नक्की? आबांनी नक्की म्हटलं. मग टॅब्लेट घेतला तर तो आधीच रिकामा. आबांना त्याचं कौतुक वाटलं, न सांगता काम करणारी वस्तू त्यांनी प्रथमच पाहिली. संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटर लावला, तोही रिकामा. माणसांच्या पायांवर आयुष्य काढलेल्या त्या म्हाताऱ्याच्या पायाखालची वाळू सरकली.

झालं होतं ते साधं होतं, आपल्याला बसल्या जागी कळतं. फोन, टॅब्लेट, कॉम्प्युटर या तीन प्रती नव्हत्याच. कागद एकच, तो त्या दूरच्या हॉलमध्ये, आणि या त्याच्याकडे बघायच्या तीन खिडक्या. एका खिडकीतून हात घालून फाडला की तिन्ही खिडक्यांतून फाटलेलाच दिसणार. हॉलवाल्यांच्या तीन प्रती आगीसाठी असतात, मालकाने स्वतःच फाडा म्हटल्यावर ते तिन्ही फाडतात. तरी त्या लोकांना माणसांचा अनुभव दांडगा. पुसलेलं सगळं ते आधी एका टोपलीत टाकतात आणि तीस दिवस तसंच ठेवतात. एकतिसाव्या दिवशी मात्र खरंच जातं. आबांना या टोपलीची गंधवार्ता नव्हती, आणि जिला होती तिला ते सांगणार नव्हते. कोणत्या तोंडाने सांगणार? हाताला घट्टे नसलेल्या पोरीपुढे आपण आपलीच दौलत करंगळीने उडवली म्हणून?

दुसऱ्या दिवसापासून आबा माणसं मोजत सुटले. दुकानावर पाटी लागली, बुटांना मोफत पॉलिश. पॉलिशला पाय पुढे आला की खाली कागद सरकवलेला असायचा. बँकेतल्या बाईंना त्यांनी सांगितलं की वयानुसार पाऊल पसरतं, आणि बाई वयाच्या उल्लेखाने चिडून निघून गेल्या. पोस्टमनला त्यांनी भर रस्त्यात खडूने आखला. व्याह्यांकडे ते न बोलावता जेवायला गेले आणि टेबलाखाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. विकलेल्या बुटांच्या चवड्यातले कागद परत मागून बघितले, तर एकात निम्मी टाच आणि दुसऱ्यात ‘उजवीकडे भार टाकतो’ एवढंच. कोण टाकतो, देव जाणे. पंचवीस दिवसांत त्रेसष्ट माणसं झाली. आबा घरी येऊन नीट जेवत नव्हते. सूनबाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. दोनदा त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सव्विसाव्या दिवशी शाळेतल्या निवृत्त बाईंचा फोन आला. बाईंचा डावा पाय जन्मापासून आखूड. नऊ वर्षांच्या असताना आबांच्या वडिलांनी त्यांना पहिला बूट शिवून दिला होता, आतून टाच अशी उचललेली की बाहेरून पत्ता लागू नये. तेव्हापासून त्या दुसऱ्या कोणाचा बूट घालत नव्हत्या. आता त्या लेकीकडे राहत, दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि अंथरुणातून नुकत्याच उठल्या होत्या. दहा दिवसांनी नातीचा पदवीदान समारंभ होता. त्या म्हणाल्या, माप तुमच्याकडे आहेच, तेवढा एक जोड पाठवा, मला तिथे उभं राहायचंय.

आबा हो म्हणाले. फोन ठेवला आणि हातातली रापी खाली ठेवली. बाईंना पॉलिशच्या निमित्ताने बोलावता येणार नव्हतं. टाच किती उचलायची ते आठवेना. अंदाजाने उचलली आणि चुकली, तर बाई भर सभेत लंगडतील. त्यांना रडू आलं. शटर ओढून ते भरदुपारी घरी निघाले.

सूनबाई कानाला यंत्र लावून बसली होती. आबा तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले की क्लाउडवरचे कागद आपोआप गेले.

हे वाक्य ती रोज चाळीसदा ऐकत असे. तिने कानाचं यंत्र काढलं आणि सवयीने, गिऱ्हाइकाला विचारावं त्याच आवाजात विचारलं, “शेवटचं काय दाबलं होतं?”

आबा खुर्चीत बसले. “मी पुसले. सगळेच्या सगळे, या करंगळीने. सव्वीस दिवस झाले. तुला सांगायची लाज वाटली गं.”

ती हसली नाही. मोफत पॉलिश, व्याह्यांचं टेबल, न खाल्लेल्या पोळ्या, सगळ्याचा उलगडा तिला एकदम झाला, आणि आधी तिला राग आला. इतके दिवस एकटेच कुढलात, मी याच घरात होते ना, असं तिने चांगलं सुनावलं. मग तिने कॉम्प्युटर त्यांच्यापुढे सरकवला, पासवर्ड त्यांनाच घालायला लावला आणि टोपली उघडून दाखवली. अकराशे चाळीस. प्रत्येकाखाली लिहिलेलं, चार दिवस शिल्लक.

तिने त्यांच्याकडूनच बटण दाबून घेतलं. पावलं एकेक करून परत येऊ लागली. पोस्टमन आला, टाच गमावलेले हेडमास्तर आले, आणि बऱ्याच वेळाने शाळेतल्या बाई आल्या. माप बाई मोठ्या झाल्यावरचं, पण अक्षर वडिलांचंच; पहिल्या कागदावरची शेवटची ओळ त्यांनी नव्या कागदावरही उतरवली होती. डावी टाच दीड बोट, आतून. पोरीला धावता आलं पाहिजे. आबांनी ते मोठ्याने वाचलं आणि डोळे पुसले. सूनबाईने अकरा रविवार या कागदांचे नुसते फोटो काढले होते, वाचलं आज पहिल्यांदा. तिनेही डोळे पुसले.

थोड्या वेळाने तिने हळूच विषय काढला. ही जागा चांगली आहे, पण मालकच पुसायला निघाला तर तिचा इलाज नाही. म्हणून सगळ्याची आणखी एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवतात, या खिडक्यांशी काही संबंध नसलेली. पण ती म्हणजे एका माणसाचे दोन कागद होतील, तेव्हा तुम्हाला चालत नसेल तर राहू दे.

आबांनी आपल्या करंगळीकडे पाहिलं. मग सुनेच्या हातांकडे पाहिलं.

“ठेव,” ते म्हणाले. “तुझ्याकडे ठेव. आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस.”