वॉल्टरचे दोन पॉइंट

विषय : एका जुन्या व्यावसायिक बास्केटबॉल मॅचच्या आकडेवारीत श्री. वॉल्टर यांच्या नावापुढे दोन पॉइंट लावून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची आठवण. अन्य संदर्भ उपलब्ध नाही.

उपरोक्त विषयाबाबत सांगायचं तर, किस्से कुणी गोळा करत नाही. एखाद्या अर्जाचं उत्तर रखडलं की ठिबकत्या नळाखाली बादली भरावी तसे ते आपोआप साचतात. जिल्हा कचेरीत कारकुनी करून मी अशा पुष्कळ बादल्या पाहिल्या. निवृत्तीनंतर मुलाने अमेरिकेत, नोव्हायला आणलं, तेव्हा वाटलं सुटलो. इथे अर्ज कागदावर नसतो, एवढाच फरक निघाला.

वॉल्टर आमचा शेजारी. आमच्या दारातून वाकून आत यायचा. तरुणपणी तो एकच व्यावसायिक मॅच खेळला, तीही शेवटची काही मिनिटं. त्यात आपण एक बास्केट टाकली, म्हणजे दोन पॉइंट केले, हे त्याने बायकोला, मुलाला आणि बहुधा प्रत्येक पोस्टमनला सांगितलं होतं.

मागच्या थँक्सगिव्हिंगला त्याचा मुलगा डॅन याने जेवता जेवता फोनवर त्या मॅचचे आकडे शोधले आणि मोठ्याने वाचले. पॉइंट शून्य. रिबाउंड शून्य. असिस्ट शून्य. फाउल एक.

"डॅड, यू हॅड वन फाउल," म्हणत त्याने सॉसची वाटी पुढे सरकवली. सगळे हसले. वॉल्टरही हसला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "तू सरकारात होतास ना?"

"होतो."

"मग मला माझे दोन पॉइंट मिळवून दे. मुलाला वाटतं मी आयुष्यभर थापा मारल्या."

* * *

लायब्ररीत सकाळी आम्ही तिघं बसतो. मी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नागपूरचे लोखंडे आणि शाळेत गणित शिकवलेल्या पुण्याच्या शैलाताई. बास्केटबॉल तिघांनाही येत नाही, म्हणून समिती निःपक्षपाती होती.

लोखंडे म्हणाले, "पाणी कुठंतरी मुरलं असणार."

शैलाताईंनी सगळ्या खेळाडूंच्या पॉइंटांची बेरीज केली. ती टीमच्या एकूण पॉइंटांशी बरोबर जुळली. "म्हणजे बाहेर काही गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चोरी घरातलीच."

वॉल्टरने सांगितलं, ते दोन पॉइंट अर्ल नावाच्या त्याच्या टीममधल्या सोबत्याच्या नावावर लागले. अर्ल वारला त्यालाही बरीच वर्षं झाली.

"मग सोपं आहे," लोखंडे म्हणाले. "मयताची हरकत नाही, असं लिहा."

* * *

वॉल्टरची मॅच ज्या लीगमध्ये झाली, ती कधीच बंद पडलेली. तिचे आकडे आता दुसऱ्याच एका संस्थेच्या ताब्यात आहेत. अर्ज ऑनलाइन. सून अनघा लॅपटॉप घेऊन बसली आणि मी मजकूर सांगू लागलो : "तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती."

"बाबा, इथे असं कुणी लिहीत नाही. भीक मागितल्यासारखं वाटतं."

"अर्ज म्हणजे दुसरं काय असतं?"

पुढे अर्जदाराचा प्रकार विचारला होता. खेळाडू, पत्रकार किंवा चाहता. कारकुनाची सोय नव्हती. काम खेळाडूचं म्हणून मी 'खेळाडू' म्हटलं आणि कचेरीच्या सवयीने खाली नाव मात्र अर्ज लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझं, टाकायला लावलं.

उत्तर आलं, "डिअर लेजंड." जुन्या खेळाडूंचं स्नेहसंमेलन आहे, शर्टाचा साइज कळवा. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे.

लोखंडे म्हणाले, "जा यार, शर्ट तर मिळेल."

वॉल्टर लायब्ररीत आला तेव्हा त्याला ते पत्र दाखवलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "तू कुठल्या टीममध्ये होतास?"

त्या दिवशी आम्ही तिघंही लवकर घरी गेलो.

* * *

मग वॉल्टरच्या नावाने दुरुस्तीचा अर्ज केला, तेव्हा पुरावा मागितला गेला. वॉल्टरच्या बहिणीच्या तळघरात त्या मॅचची फिल्म सापडली, तिच्या नवऱ्याने प्रेक्षकांत बसून घेतलेली. अनघाने ती लॅपटॉपवर आणून दिली.

वॉल्टर मैदानात येतो. बारीक, घाबरलेला. बॉल त्याच्याकडे येतो, आणि नेमका त्याच वेळी पुढच्या रांगेतला एक टोपीवाला उठून उभा राहतो. पडद्यावर नुसती टोपी. टोपी खाली बसते तेव्हा बॉल जाळीतून पडत असतो, आणि खाली अर्ल आणि वॉल्टर दोघंही हात वर करून उभे.

"बेनिफिट ऑफ डाउट बॅट्समनला," लोखंडे म्हणाले.

"ह्यात बॅट्समन कोण?" शैलाताईंनी विचारलं.

फाउल मात्र स्वच्छ दिसतो. शिट्टी फुंकणाऱ्या रेफरीच्या गालांचा फुगा सुद्धा दिसतो.

आम्ही फिल्म पाठवली. न पाठवून करणार काय?

* * *

डॅन एकदा गाडी काढून मुद्दाम आला. "मी गंमत केली होती. त्यांना सांगा, माझा विश्वास आहे त्यांच्यावर."

"तूच सांग की."

"सांगितलं. ते म्हणतात, लेखी आण."

* * *

आता वॉल्टर विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये असतो. मी मंगळवारी जातो. मला ओळखतोच असं नाही, पण माझ्या हातातली या अर्जाची फाइल दिसली की खुर्ची पुढे ओढतो.

परवा त्याने विचारलं, "हे काम कुणाचं?"

"एका खेळाडूचं. एकच मॅच खेळला. त्याचे दोन पॉइंट दुसऱ्याच्या नावावर लागले."

"मग त्याच्या नावावर काय राहिलं?"

"एक फाउल."

वॉल्टर खिडकीकडे वळला. बाहेर पार्किंग लॉट होता, दुसरं काही नाही.

"बिचारा," तो म्हणाला. "देऊन टाका ना त्याला."

"माझ्या हातात नाही, वॉल्टर."

तो पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कमी पडत असतील तर माझे द्या. माझ्याकडे दोन आहेत."

अर्ज प्रलंबित आहे.