शेकाट्याचं पिल्लू

धरणाकाठच्या चिखलात मी आणि माझी बायको मीरा पालथे पडून होतो. मला शेकाट्याचा, लांब पायांच्या त्या पाणपक्ष्याचा, फोटो हवा होता, भोवतालच्या पाण्यासकट आणि आभाळासकट. तेवढ्यात एक घार खाली उतरू लागली. शेकाट्याची मादी ओरडत उडाली आणि तिचं पिल्लू धावत येऊन माझ्या कोपराशी चिखलाला चिकटून बसलं.

"हलू नकोस," मीरा कुजबुजली. "ते बिचकून पळालं तर संपलंच."

घारीची सावली आमच्या पाठींवरून सरकली, वळून पुन्हा आली. कॅमेरा हातात होता, पण बोट उचलायची भीती वाटली. ज्या पाणथळीचा फोटो मी लांबून काढणार होतो, तिच्यातच मी आता होतो. पिल्लाच्या लेखी मातीचं एक ढेकूळ.

अखेर घार दूर गेली आणि मादी परत येऊन काठावर उतरली. पिल्लू उठलं आणि माझ्या मनगटावरून चालत आईकडे गेलं.