रविवारचा स्लोव्हेनिया

“मॅडम, म्हणजे हा जुना झेकोस्लोव्हाकिया ना?”

पहिल्याच स्लाइडला पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

“नाही काका. त्यातून निघाला तो स्लोव्हाकिया. हा स्लोव्हेनिया.”

“मग नावं एवढी सारखी कशाला ठेवली?” मागून कुणीतरी म्हणालं आणि निगडी प्राधिकरणातला तो हॉल खळखळून हसला. मीही हसले. 

मी तेव्हा निगडीतल्या एका टूर कंपनीत होते. सहल घेऊन जायची आणि त्याआधी ती विकायचीही, अशी दोन्ही कामं माझ्याकडे. नवा देश आणायचा तर आधी ‘इंट्रो मीटिंग’ घ्यावी लागते. हॉल, प्रोजेक्टर, चहा-वडा आणि तासभर त्या देशाची ओळख. आमच्या धंद्यात प्रवाशाला ‘पॅक्स’ म्हणतात. पुरेसे पॅक्स जमले तर बस आणि गाइडचा खर्च सगळ्यांत वाटला जातो आणि सहल निघते. नाही जमले तर रद्द. आमचे मालक शिरीष सर मला आधीच म्हणाले होते, “नीलिमा, हा देश म्हणजे तुझा हट्ट आहे. ग्रुप भरला नाही तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.”

हट्ट होताच. ऑस्ट्रियाहून इटलीला ग्रुप नेताना एकदा आमचा तिथे मुक्काम पडला होता. सकाळी उठून बाहेर आले तर डोंगर, धुकं, उन्हात वाळत टाकलेलं गवत आणि सायकलवरून शाळेत निघालेली मुलं. गर्दी नाही, सेल्फीच्या रांगा नाहीत. तेव्हापासून डोक्यात बसलं होतं.

हॉलमध्ये मी जिवाच्या आकांताने बोलत होते. “पुणे जिल्हा आणि निम्मा सातारा एकत्र केला की झाला हा देश. माणसं साधारण आपल्या पिंपरी-चिंचवडएवढी. एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जंगल. जमिनीखाली एवढी मोठी गुहा की आत छोट्या रेल्वेने जायचं. आणि हे ब्लेडचं तळं. मधोमध बेट, बेटावर चर्च.”

“स्वित्झर्लंडमध्येपण तळी आहेत की,” एक बाई म्हणाल्या. “आणि तिथून आलं की लोकांना सांगता तरी येतं. हे कुणाला सांगणार?”

हॉलमध्ये बहुतेक सगळे आकुर्डीच्या, पिंपरीच्या, चाकणच्या कंपन्यांतून रिटायर झालेले. माझे वडीलही त्यातलेच. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची, निळ्या कपड्यांतली माणसं उतरायची आणि आम्ही पोरं आपापला बाप ओळखून धावत सुटायचो. ही तीच माणसं होती, फक्त केस पांढरे झालेले. त्यांना मी देश विकू शकत नव्हते याचं मला जास्तच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक उंच गृहस्थ उभे राहिले.

“मी राहिलोय इथं,” ते म्हणाले. “तेव्हा ह्याला युगोस्लाव्हिया म्हणायचे.”

ते जगताप काका. टूलरूममध्ये, म्हणजे जिथे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात त्या खात्यात, त्यांची सगळी नोकरी झाली. तरुणपणी कंपनीने तिकडून मशिनं घेतली आणि ती चालवायला शिकायला ह्यांना सात-आठ महिने तिकडे पाठवलं. ब्लेडजवळच्याच एका कारखान्यांच्या गावात.

“हे तळं हिवाळ्यात गोठतं. आम्ही त्याच्यावर चाललोय. मधमाश्यांच्या पेट्या असतात तिथं, त्यावर चित्रं काढलेली. पोळ्याला आपण बैल रंगवतो ना, तशी हौस. आणि माणसं! एका म्हातारीनं मला लोकरीचे मोजे विणून दिले होते. भाषा येत नव्हती तिची मला, तरी दिले.”

काका बोलत राहिले. मी रिमोट खाली ठेवला. टूलरूमचे त्यांचे जुने दोस्त मधेच ओरडायचे, “जगताप, तो तळ्याकाठच्या केकचा किस्सा सांग!” हॉलला जत्रेची कळा आली. मीटिंग संपली तेव्हा टेबलाभोवती गर्दी. “जगताप येतोय ना? मग आमचीपण नावं घ्या.”

शिरीष सर खूश. “हा माणूस सोडू नकोस,” मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. “त्याच्यावर अख्खा ग्रुप उभा आहे.”

एका गोष्टीकडे मात्र माझं लक्ष गेलं होतं. काकांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पूर्ण वेळ एकदाही पडद्याकडे पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात काकांचा फोन आला. आवाज पडलेला. “मॅडम, हिचं काही खरं नाही. येत नाही म्हणते. तुम्ही एकदा समजावा.”

मी आकुर्डीला त्यांच्या फ्लॅटवर गेले. काकांनी चहा होईपर्यंत तळ्याची दोन वर्णनं केली आणि दूध आणायचं निमित्त काढून बाहेर पडले. शांताकाकू माझ्यासमोर बसल्या. मूळच्या माण तालुक्यातल्या. इतकी वर्षं इथे काढूनही बोलणं गावाकडचंच.

“गुडघ्यांची काळजी वाटते का काकू? आपण चालणं कमी ठेवू.”

“गुडघे बरे हायत माझे.”

“मग?”

त्यांनी पदर सारखा केला. “बाई, हे तिकडं गेले तवा आमी थेरगावात एका खोलीत ऱ्हायचो. लग्नाला दोन वर्सं झाल्याली. पोरगी तान्ही. मला धड बसचा नंबर वाचता येत न्हवता. पोरीला गोवर निघाला, त्यातनं छातीत कफ झाला. शेजारची बाई व्हती म्हणून दवाखान्यात पोचले. पोरगी वाचंल का न्हाई म्हणून मी वऱ्हांड्यात बसून ऱ्हायले. आन हे आले ते तळं सांगत आले. बर्फ आन केक. आजवर तेच चाललंय. पावणा आला की तळं. नातू आला की तळं. मला त्या तळ्याचं नाव काढलं तरी दवाखान्याचा वास येतो.”

आमच्या ट्रेनिंगमध्ये ‘ऑब्जेक्शन हँडलिंग’ शिकवतात. ग्राहक नाही का म्हणतोय ते ओळखायचं आणि उत्तर द्यायचं. जेवण, विमानाची भीती, थंडी, सगळ्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती. त्यातलं एकही न काढता मी चहा प्यायले आणि म्हणाले, “नका येऊ काकू. तुमचं बरोबर आहे.”

त्यांनी माझा कप उचलला. “आन तुमचा गुरूप?”

“बघू.”

दरवाजातून बाहेर पडले तर काका जिन्यात उभे. हातात दुधाची पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे तोंडावरून कळत होतं.

“कफाचं मला माहीत नव्हतं,” एवढंच म्हणाले. “गोवर आला होता, बरा झाला, एवढंच सांगितलं होतं तिनं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून नाव काढून घेतलं. बातमी दोस्तांत पसरली आणि एकेक नाव गळायला लागलं. शिरीष सर माझ्या टेबलाशी आले.

“तू गेली होतीस ना समजवायला?”

“हो.”

“मग काय समजावलंस?”

मी उरलेल्या नावांची यादी त्यांच्यापुढे सरकवली. सरांनी आणखी काही दिवस थांबायचं कबूल केलं, ते फक्त हॉटेलने बुकिंगची मुदत वाढवून दिली म्हणून.

मुदत संपत आली होती. एका दुपारी ऑफिसचं दार ढकलून शांताकाकू आत आल्या. एकट्या. रिक्षा करून.

“बाई, आमची नावं परत लिवा.”

“काकू, काकांनी आग्रह केला का?”

“त्ये कशाला आग्रह करत्यात? त्यांनी त्या देशाचं नावच टाकलंय. पावणा आला तरी गप. परवा नातवानं इचारलं, आजोबा, बर्फाची गोष्ट सांगा, तर म्हणाले इसरलो. त्ये तळं मला नको व्हतं, पर माणूस मुका झाल्याला मला चालत न्हाई. एवढी वर्सं ऐकलं, आता एकदा डोळ्यानं बघू काय हाय त्ये. खिडकीची शीट मला द्या म्हंजे झालं.”

काका परत आले तसे दोस्तही आले. ग्रुप भरला. मी टूर मॅनेजर म्हणून गेले.

राजधानी ल्युब्लियाना, पुलावरचे ड्रॅगन, गुहेतली रेल्वे, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. काका मात्र फारसं बोलत नव्हते. दोस्त छेडायचे, ते नुसते हसायचे. ब्लेडच्या तळ्याकाठी सगळे फोटो काढत होते तेव्हा काकू बाकावर बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचा तुकडा खात होत्या. “बरं हाय,” त्यांनी तळ्याला सर्टिफिकेट दिलं.

त्या दिवशी दुपार मोकळी होती. काका हळूच म्हणाले, “मॅडम, माझं ते गाव जवळच आहे. जाऊन येता येईल?”

मी टॅक्सी केली. आम्ही तिघं गेलो.

कारखान्याच्या जागी मोठं दुकान आणि पार्किंग होतं. काका फाटकाची जागा शोधत दोनदा फिरले, मग सोडून दिलं. मागच्या बाजूची फक्त एक जुनी भिंत शिल्लक होती. तिच्यासमोर त्यांचं हॉस्टेल मात्र उभं होतं. आजही कामगारांचंच, फक्त कामगार आता दुसऱ्या देशांतून येणारे. तिथल्या व्यवस्थापक बाईंना मी इंग्रजीत सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण काकांकडे पाहून त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि एक रिकामी खोली उघडून दिली.

लोखंडी पलंग, एक कपाट. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मी दारातच राहिले. काकू खिडकीशी गेल्या. खिडकीतून दिसत होती ती भिंत. नुसती भिंत.

“हितं व्हता तुमी?”

“हो. अशीच खोली. वरच्या मजल्यावर.”

“आन तळं?”

“तळं रविवारी. महिन्यातनं एखाद्या रविवारी, बसला पैसे उरले तर. बाकी दिवस कारखाना आणि ही खोली. चार वाजता अंधार पडायचा. बोलायला कुणी नाही. पहिले दोन महिने मी रोज संध्याकाळी रडायचो.”

काकू वळल्या. “हे कधी सांगितलं न्हाईसा.”

“काय सांगू? परदेशी गेलेला माणूस. सगळे विचारायचे, कसं होतं, मग चांगलं तेच सांगायचो.” मग म्हणाले, “तू तरी फोनवर कुठं सांगितलंस? दुकानात फोनवर यायचीस, सगळं ठीक हाय म्हणायचीस.”

“लाइन कधी कट होईल ह्याचा नेम न्हवता. त्यात रडत बसू व्हय?”

दोघं पलंगावर बसले. काकूंनी हाताने गादी चाचपून पाहिली, घरात नवीन गादी आणल्यावर बघतात तशी. मी जिन्यापाशी जाऊन थांबले. आतून आधी काकूंचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मग काकांचा. व्यवस्थापक बाईंनी मला कॉफी आणून दिली. आम्ही दोघी एकमेकींची भाषा न येता तिथे उभ्या होतो आणि ते बरं वाटत होतं.

परत येताना टॅक्सीत खिडकीची शीट काकूंनी काकांना दिली.

स्लोव्हेनियाचा ग्रुप पुढे दर वर्षी निघायला लागला. शिरीष सर आता तो स्वतःचाच शोध असल्यासारखं सांगतात, मी काही बोलत नाही. काका-काकू पुण्यात त्या मुलीकडे राहायला गेले. दिवाळीला फोन येतो. पावण्यांना आता दोघं मिळून सांगतात म्हणे, आणि काकू मधेच काकांचं तोडतात.

माझ्या प्रेझेंटेशनमध्ये मी एक स्लाइड वाढवली आहे. गावातली साधी गल्ली, कामावर निघालेली माणसं, वाळत घातलेले कपडे. “हे बघायला कोण पैसे देणार?” सर दर वेळी विचारतात. कुणीच देत नाही, हे खरंय. पण त्या स्लाइडला लोक स्वतःबद्दल बोलायला लागतात. कुणाला कुठला देश विकायचा ते मला त्यानंतर कळतं.