आप्पांच्या ट्रकचा मागचा दिवा

आमचा ट्रक ड्रायव्हरशिवाय एकदाच चालला, आणि तोही उलटा.

ट्रक आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आमच्या माले गावातून तांदूळ, विटा, वैरण आणि अधूनमधून लग्नाची वऱ्हाडं त्यांनी त्यातूनच वाहिली. (माझंही वऱ्हाड त्यातूनच गेलं. माझी बायको सायली अजून सांगते की सासरी येताना तिच्या शालूला भाताच्या तुसाचा वास येत होता.) गेल्या वर्षी कासार आंबोलीजवळच्या एका हॉटेलवाल्यानं तो दारात शोभेला ठेवायला मागितला. बऱ्याच दिवसांनी आप्पा जेवता जेवता म्हणाले, "हितं गंजण्यापरीस तितं बरा. पन न्हेनार मी. माज्या हातानं."

ठरलं! रविवारी सकाळी आप्पा ट्रक घेऊन जाणार आणि मी लहानपणी बसायचो तसा शेजारी बसणार.

इथे मी स्वस्थ बसलो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मी हिंजवडीत दिवसभर संगणकासमोर बसतो, आणि त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते असा माझा समज झालेला आहे. आप्पांची मान आता पुरती वळत नाही. हॉटेलच्या अंगणात ट्रक मागे घेताना पंचाईत नको, म्हणून कित्येक वर्षं बंद असलेला रिव्हर्सचा दिवा मी चालू करायचं ठरवलं.

"कशापायी?" आप्पा म्हणाले. "मी काय दिवा बघून मागं घेतुया व्हय?"

"तुमच्यासाठी नाही हो. मागच्या माणसांना कळायला नको? सुरक्षितता महत्त्वाची!" (हे वाक्य मी बोललो. मीच!)

काम सोपं होतं. गिअरबॉक्सवर एक छोटं बटण असतं. रिव्हर्स गिअर टाकला की ते आत दाबलं जातं आणि मागचा पांढरा दिवा लागतो. मी नवं बटण आणलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, रविवारी निघायच्या आधी चाकामागे लावलेला दगड काढून उशीसारखा डोक्याखाली घेतला आणि ट्रकखाली शिरलो. तासाभरानं तेलानं माखून बाहेर आलो. दगड तिथंच राहिला. उशी कोण जागेवर ठेवतं?

आता परीक्षा. मी रिव्हर्स गिअर टाकला, खाली उतरलो आणि बाहेरूनच खिडकीतून हात घालून चावी फिरवली. दिवा बघायला सायली ट्रकच्या बरोब्बर मागे उभी.

"लागला?"

"नाही."

तारा हलवल्या. "आता?"

"नाही रे! आणि ऊन येतंय डोळ्यांवर. मी बाजूला होते."

"हो. आता बघ!" करंट कमी पडत असेल असं वाटून मी चावी आणखी थोडी फिरवली.

इथे एक खुलासा करतो. माझ्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही, तशी सोयच असते तिच्यात. आप्पांचा ट्रक जन्मला तेव्हा ही सोय करणारी माणसं बहुधा रांगत होती!

ट्रकनं एक उचकी दिली, काळा धूर सोडला आणि मागे निघाला.

"थांब! अरे थांब!" मी ओरडलो. (ट्रकला! जणू तो गल्लीतला ओळखीचा होता!) एक हात खिडकीत अडकलेला, एका पायात चप्पल, अशा अवस्थेत मी त्याच्याबरोबर उलटा धावत होतो. आमचं अंगण मागच्या बाजूला उतरतं. हँडब्रेक नावालाच होता. वाटेत आईच्या मिरच्यांचा वाफा आला आणि गेला.

"माज्या मिरच्या!" आई ओसरीवरून किंचाळली. "आरं, कुटं निगालास?"

मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?

धाड! ट्रक फणसाच्या झाडावर आदळला. इंजिन बंद पडलं. झाड हादरलं आणि एक भला मोठा फणस सुटून हौद्यात पडला.

धुरातून आप्पा धावत आले. अंगात नवा सदरा, हातात ट्रकला घालायला आणलेला हार. "लागलं का? कुनाला लागलं का?"

"लागला!" सायली टाळ्या वाजवत म्हणाली. "आप्पा, मस्त लागला!"

खरंच लागला होता. फणसाच्या बुंध्याला टेकून तो दिवा असा झळकत होता की काय सांगू!

मग एकदम सायलीच्या टाळ्या थांबल्या. ती मघाशी उभी होती ती जागा आम्ही दोघांनीही पाहिली. तिथून फणसापर्यंत चाकांचे दोन पट्टे गेले होते. मी मटकन मिरच्यांतच बसलो.

आप्पा ट्रकभोवती फिरून आले. मागचं एक चाक बाहेर कललं होतं. ते खाली वाकले, चाकाला हात लावला आणि म्हणाले, "आस तुटला. आता हा चालत न्हाई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी शिव्या खायची तयारी केली होती. ते नुसते हार हातात धरून उभे राहिले. मी काहीतरी बोलायला गेलो, तर सायलीनं डोळ्यांनीच गप्प केलं.

दुपारी ट्रक हॉटेलवर न्यायला क्रेन आली. मागचा भाग मोडलेला, म्हणून क्रेनवाल्यानं मागूनच उचलला. जन्मभर ज्यांनी तो ट्रक तोंड पुढं करून पळवला, त्यांच्या डोळ्यांदेखत तो शेपटाकडून घराबाहेर पडला. आप्पांनी हार आरशाला अडकवला. फाटकापर्यंत एक हात दारावर ठेवून ते त्याच्याबरोबर चालत गेले. क्रेन वळणाआड गेल्यावरही हात तसाच थोडा वर होता.

मी जवळ गेलो. "आप्पा, चुकलो. तुम्हाला न्यायचा होता."

"माज्या हातानं न्यायचा हुता," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, चहा घेऊ. पन गॅस सायलीला पेटवू दे. तू लांब बस."