दंडावरची चिठ्ठी

निजामाच्या राज्यात आमच्या खेड्यात उर्दूतला कागद दोनच ठिकाणांहून यायचा. एक तहसिलीतून. तो आला की पुरुष तोंड पाडून पटवाऱ्याकडे पळायचे. दुसरा दर्ग्यातून. तो मुजावर घडी घालून द्यायचा आणि आम्ही कापडात शिवून दंडाला बांधायचो. हिंदू असो की मुसलमान, लेकरू आजारी पडलं की ताईत हाच इलाज. तो वाचायचा नसतो, उघडला की गुण जातो. दवाखान्यातूनही कागद येतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी दवाखान्याची पायरीच चढलं नव्हतं.

पहिली चढले ती मी, सोळाव्या वर्षी. ज्वारी काढताना वाळकं पान उजव्या डोळ्यात सपकन लागलं. दोन दिवसांत डोळा उघडेना. वडील मी लहान असतानाच गेलेले, घरात आई आणि मी दोघीच. शेजारच्या मुसलमान घरातल्या आपांच्या नवऱ्यानं बैलगाडी जुंपली आणि हसनाबादजवळच्या आमच्या गावाहून अख्खा दिवस घालवून जालन्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी डोळा धुतला, औषध घातलं, पट्टी बांधली, खाट दिली. चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? पण तीन दिवसांत ते माझ्याशी किंवा आईशी एक अक्षर बोलले नाहीत. यायचे, माझी हनुवटी वर करायचे आणि कंपाउंडरला काहीतरी सांगून पुढं जायचे.

चौथ्या दिवशी सकाळी एकच धांदल उडाली. कुणी बडे साहेब पाहणीला येणार होते. भिंतींना चुना मारायचा होता, खाटा रिकाम्या करायच्या होत्या. कंपाउंडर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन खाटेखाटेवर फिरत होता. एक घडी त्यानं आईच्या हातात ठेवली.

"संभालके रखो, गुमाना नहीं. चलो, जल्दी उठो."

"दादा, पोरीचा डोळा बरा व्हईल ना? पट्टी कवा सोडायची?"

तोवर तो तिसऱ्या खाटेपाशी पोचला होता. आई दोन पावलं त्याच्या मागं गेली. तेवढ्यात झाडूवाल्यानं आमचं गाठोडं उचलून बाहेर ठेवलं, म्हणून ती परत फिरली.

बाहेर आल्यावर तिनं कागद कपाळाला लावला. "मोठा दवाखाना हाय, दवासंगट दुआ बी देत्यात," ती म्हणाली. घरी येताच तिनं तो हिरव्या चिंधीत शिवून माझ्या दंडाला बांधला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ताईत चाळीस दिवस सोडायचा नसतो, म्हणून आईनं पट्टीही सोडली नाही. दर गुरुवारी ती लोबान फिरवायची. डोळा ठणकायचा. पुढं पट्टीखालून वास यायला लागला. "गुण येऊन राह्यला," आई म्हणायची, "दम धर, बाई." मी दम धरला. तेवढा शहाणपणा जन्मात पुन्हा केला नाही.

महिना होत आला तेव्हा पट्टी आपोआप सुटून पडली. आईनं माझ्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, "किती बोटं हायेत?"

मला काहीच दिसत नव्हतं. मी हात पुढं करून तिची बोटं चाचपायला लागले.

पुढं आठेक दिवसांनी न्हाताना ताईताची शिवण उसवली. आई रानात होती. ओला कागद मी उन्हात टाकला. आपा आल्या होत्या. त्यांना उर्दू वाचता यायचं. सहज नजर टाकली आणि त्यांनी कागद उचलून पुन्हा वाचला.

"ही तर दवाखान्याची चिठ्ठी हाय, बेटी. लिव्हलंय, दोन दिवसांनी पट्टी सोडा. औषध घालायला परत आना. न्हाई तर डोळा जाईल."

मला आधी रडू आलं नाही, संताप आला. एवढं तोंडानं सांगायला त्या कंपाउंडरला किती वेळ लागला असता? साहेब काय नुसता चुना बघायला आले होते? मग आई आठवली. रोज संध्याकाळी ती माझ्या दंडाला हात लावून नमस्कार करायची.

ती आलीच. उघडा कागद बघून डोईवरची पाटी टाकून धावली. "अगं बाई, कुनी उघडला? आपा, काय लिव्हलंय त्यात?"

आपांनी माझ्याकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"दुआ हाय," आपा म्हणाल्या. "लई चांगली दुआ हाय."

"बघ," आई मला म्हणाली, "म्हनून एक डोळा तरी ऱ्हायला."

तिनं नवी चिंधी शोधली, कागदाची घडी घातली, बारीक टाके घालून शिवली. मी हात पुढं केला. गाठ मारून तिनं विचारलं, "लई आवळली का गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्यानंतर आई चौदा वर्षं जगली. चौदा वर्षं मी तो ताईत दंडावरून काढला नाही.